कोऱ्या कागदाखालची सही

चष्मेवाल्यानं चष्मा नाकावर बसवला, दांड्या कानामागं दाबून बघितल्या आणि म्हणाला, "काहीतरी वाचून बघा पावणं." समोर भिंतीवर लहान-मोठ्या अक्षरांचा पुठ्ठा होता, पण तो मोठ्यानं वाचायची प्रसेनजीतला लाज वाटली. शाळेत फळ्यापुढं उभं केल्यासारखं झालं. त्याच्या पिशवीत सीडीबरोबर आलेलं छोटं पुस्तक होतं. ते त्यानं काढलं आणि हाताला येईल तिथं उघडलं. एकोणिसावं पान निघालं. पानावर एका जुन्या पत्राचा फोटो होता, खाली त्याची स्वतःची सही होती, आणि सहीच्या वर बायकोचं अक्षर होतं. अक्षताला जाऊन दोन वर्षं होत आली होती. तिचं अक्षर असं राजारामपुरीतल्या दुकानात, गिऱ्हाइकांच्या देखत समोर येईल असं त्याला वाटलं नव्हतं. त्याला बरं वाटलं. उजवीकडं कललेलं, बारीक, ओळ न सोडणारं अक्षर. मग त्यानं वाचायला सुरुवात केली. पत्र मुंबईच्या कॅसेट कंपनीला होतं. तारीख चौदा ऑगस्ट एकोणीसशे शहाण्णव. त्यात लिहिलं होतं की आपण दुसऱ्या कॅसेटसाठी मला सहा महिने मुंबईला बोलावलंत याबद्दल मी आभारी आहे, पण मी येणार नाही. कृपया पुन्हा बोलावू नये. प्रसेनजीतनं ते दोनदा वाचलं. हे पत्र त्यानं सांगितलेलं नव्हतं. कंपनीनं आपल्याला बोलावलं होतं हेच त्याला आत्ता कळत होतं, बारा वर्षांनी, उभ्या उभ्या.

"दिसतंय का?" चष्मेवाल्यानं विचारलं.

"दिसतंय," तो म्हणाला.

रस्त्यावर आला तेव्हा चष्मा तसाच नाकावर होता, त्यामुळं लांबचं सगळं पुसट झालं होतं. रिक्षा, पाट्या, माणसं, सगळ्यांच्या कडा गेल्या होत्या. चष्मा काढून खिशात ठेवायचं त्याला सुचलं नाही. तो तसाच चालत राहिला. सीडीचं पाकीट सोमवारी आलं होतं आणि आज बुधवार. पण चष्म्याची दांडी मोडली होती म्हणून पुस्तक वाचायचं राहिलं होतं. दोन दिवस त्यानं नुसतं ऐकलं होतं. आणि ते दोन दिवस, खरं सांगायचं तर, अक्षता गेल्यापासूनचे सगळ्यात चांगले दिवस होते. सीडी दोन होत्या. पहिलीवर त्याची जुनी कॅसेट, 'ओतकाम' नावाची, पंच्याण्णव सालची, आठ गाणी. दुसरीवर गुंडूच्या गोडाऊनमध्ये साध्या टेपवर भरलेल्या तालमी. ह्या तालमी त्यानंच त्या वेळी नमुना म्हणून कंपनीला पाठवल्या होत्या आणि नंतर विसरून गेला होता. कंपनी बंद पडली, तिचे खोके कुणी कुणाला विकले, आणि ते फिरत फिरत पुण्यातल्या स्नेहल नावाच्या एका मुलीकडं आले. ती जुन्या, न चाललेल्या कॅसेटी शोधून पुन्हा काढायची. वर्षापूर्वी ती कोल्हापूरला येऊन गेली. तिनं विचारलं, "काका, मराठीत अशी इलेक्ट्रिक गिटारवर कारखान्याची गाणी त्या काळात कुणी केली होती?" तो म्हणाला, "आमीच केली, आनि कुनी ऐकली न्हाईत." ती हसली. तिला वाटलं तो विनोद करतोय.

पण ते खरंच तसं होतं. पंच्याण्णव साली कॅसेट आली तेव्हा दुकानदारांना ती कुठल्या फळीवर ठेवायची तेच कळेना. भजन न्हाय, भावगीत न्हाय, लावणी न्हाय, मग हाय काय हे, असं एकानं तोंडावर विचारलं होतं. एकानं इंग्रजी कॅसेटींत ठेवली, एकानं देवाच्या. जयंतीला मंडळाच्या पोरांनी स्टेजवर चढवलं. त्यानं भट्टीचं गाणं म्हटलं, तर खालून एकजण ओरडला, बाबासाहेबांचं म्हणा की, हे लोखंडाचं काय घिऊन बसलाय. प्रसेनजीत शिरोलीच्या फौंड्रीत साच्यात लोखंड ओतायच्या कामावर होता. पोरवयात मुरगूडहून आला तो त्याच कामाला लागला. गाणी त्याला तिथंच सुचायची, भोंगा आणि पुढचा भोंगा यांच्यामधे. कागदावर लिहिणं त्याला जमायचं नाही. नववीत नापास होऊन शाळा सुटली होती आणि अक्षर असं होतं की त्याचं त्यालाच वाचता येत नसे. म्हणून घरी आला की अंगावरची काळी वाळू धुता धुता तो गाणं म्हणायचा आणि मोरीच्या दारात बसून अक्षता वहीत उतरवायची. ती बारावी झालेली होती, चंदगडकडची, बालवाडीत शिकवायची. लग्न झाल्यापासून घरातलं सगळं लिखाण तिच्याकडं. मुरगूडला आईला पत्र, सोसायटीला अर्ज, रेडिओला पत्र, कंपनीला पत्र, सगळं तो तोंडी सांगायचा आणि ती लिहायची. पुढं पाळ्या बदलू लागल्या, तो असायचा तेव्हा ती नसायची, तेव्हा तिनंच तोड काढली. म्हणाली, "तुमी असं करा, धा-बारा कागदांवर खाली सह्या करून ठेवा. जेवताना सांगा काय लिवायचं ते. मी दुपारी सावकाश लिवते." त्यालाही ते पटलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी तो जेवण झालं की कोऱ्या कागदांचा गठ्ठा घेऊन बसायचा आणि खालच्या कोपऱ्यात सह्या ठोकायचा. एवढंच अक्षर त्याला नीट यायचं. सही करताना त्याला आपण कुणीतरी साहेब असल्यासारखं वाटायचं, आणि ती म्हणायची, "बघा, पुढच्या म्हयन्याचं बोलनं झालं तुमचं." आणि दोघं हसायची.

आता चालताना त्याला ते हसणं ऐकू आलं आणि त्यानं पावलं भराभर उचलली.

कारण पत्र गेलं ते साल त्याला दिवसादिवसानं आठवत होतं. शहाण्णवच्या मे महिन्यात त्यानं तालमीची टेप मुंबईला पाठवली. जूनपासून तो उत्तराची वाट बघू लागला. दुपारची पाळी असली की सकाळी उंबऱ्यावर पोस्टमनसाठी बसायचा. पोस्टमन गल्लीत वळला की उभा राहायचा आणि तो पुढं गेला की खाली बसायचा. पाळी बदलली की घरात शिरल्याबरोबर पहिलं विचारायचा, "आलं काय?" ती म्हणायची, "न्हाय." कधी कणीक मळत, कधी श्रुतीच्या वेण्या घालत. "यील की. टपाल म्हंजे काय बैलगाडी हाय, हळूहळू येती." दसरा गेला, दिवाळी गेली. फेब्रुवारीत त्यानं विचारणं सोडून दिलं. तेव्हा एके दिवशी तिनं चहाचा कप त्याच्यापुढं ठेवला आणि शेजारी बसून म्हणाली, "त्यास्नी कान न्हाईत अवो. तुमचं ऐकाय कान लागत्यात." हे वाक्य त्यानं जपून ठेवलं. गिटार विकली त्या दिवशी हेच वाक्य मनात म्हणत तो घरी आला होता. जगानं आपल्याला हिंग लावून विचारलं नाही, पण घरात एक माणूस आहे ज्याला आपली किंमत कळते, असं त्याला इतकी वर्षं वाटत आलं होतं, आणि त्यावर तो जगला होता म्हटलं तरी चालेल. ती गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी, पाच-पन्नास माणसं सतरंजीवर बसली होती, भन्तेंनी त्याला दोन शब्द बोला म्हटलं, तेव्हा तो उभा राहिला आणि दुसरं काही न सुचून त्यानं हेच वाक्य सांगितलं. बायका डोळ्याला पदर लावून रडल्या. तिची चुलती बयाबाई म्हणाली, अशी बायको मिळाय नशीब लागतं. आणि तो कप पुढं ठेवला तेव्हा कंपनीचं बोलावणं येऊन सहा महिने झाले होते. तिनं ते उघडलं होतं, वाचलं होतं, त्याची सही असलेला कागद घेतला होता, दुपारी सावकाश लिहिलं होतं, आणि नेऊन पेटीत टाकलं होतं. मग पुढचे सहा महिने तीही त्याच्याबरोबर वाट बघत होती.

वाट बघणं. हेच त्याला गिळता येईना. पत्र लिहिलं ते एक वेळ समजून घेता आलं असतं. रागात माणूस काहीही करतं. पण सहा महिने रोज "यील की" म्हणायला राग पुरत नाही, त्याला दुसरंच काहीतरी लागतं.

तो गुंडूच्या दुकानाशी आला. आपण तिकडं चाललोय हे त्याला पोचल्यावर कळलं. गुंडू म्हणजे त्यांचा ड्रमवाला. शेतकऱ्याचा पोरगा, हलगीवर हात बसलेला, ड्रमचा अर्धा सेट त्यानं स्वतः जोडून बनवला होता. आता तो लग्नाकार्याला स्पीकर भाड्यानं द्यायचा आणि त्याचं पोट त्याच्याआधी दुकानाबाहेर यायचं. तो एका माईकच्या वायरीला डाग देत बसला होता.

"या जित्याशेठ. पुण्याच्या पेपरात आलास म्हनं. आता आमास्नी वळख द्या."

"पुस्तक वाचलंस?"

"वाचलं की. एकोनीस नंबरचं पान तर पोरानं दोनदा वाचून दावलं. म्हटलं, ह्यो आपला जित्या न्हवं. एवढं शाण्यावानी कवा बोलाय लागला?"

"ते मी न्हाय लिवलं."

"तू कवा लिवलंयस? वहिनीच लिवायच्या की."

"तसं न्हवं. मी सांगितलंच न्हाय तिला. बोलावनं आल्यालंच मला ठाऊक न्हाय."

गुंडूनं डाग द्यायची कांडी स्टँडवर ठेवली. वायरीतून थोडा धूर निघत होता तो बघत राहिला. मग म्हणाला, "आनि सही?"

प्रसेनजीतनं सह्यांचं सांगितलं. गठ्ठा, महिन्याचा पहिला रविवार, सगळं. सांगताना त्याला आपण किती मूर्ख दिसतोय ते कळत होतं.

"कोऱ्या कागदावर सही करू नये हे आमच्या आज्ज्यालाबी कळत हुतं रे," गुंडू म्हणाला. "त्याला तर अंगठाच यायचा."

"बायकोला दिली हुती सही. सावकाराला न्हाय."

"व्हय, ते बी खरं."

मग प्रसेनजीतनं जे विचारायचं नव्हतं ते विचारलं. "तुला ठाऊक हुतं?"

"मला? वहिनी मला आयुष्यात एकच वाक्य बोलल्या. भावजी, आवाज कमी. दुसऱ्या सीडीत हाय बघ ते."

होतं. तेच तर होतं. सोमवारी दुपारी तालमीची सीडी लावली, तर पाचवं गाणं मधेच थांबलं. कप खाली ठेवल्याचा आवाज आला, कुणीतरी खोकलं, आणि लांबून, गोडाऊनच्या दारातून आल्यासारखा, अक्षताचा आवाज आला. "भावजी, आवाज कमी करा की जरा. पोरगी झोपलीया." बस एवढंच. मग कुणीतरी हसलं आणि गाणं पुन्हा सुरू झालं. तिच्या आवाजाची घरात एकही टेप नव्हती. दोन वर्षांत तो आवाज त्याच्या कानातून हळूहळू गेला होता, काय काय बोलायची ते आठवायचं पण कशी बोलायची ते नाही. त्यानं रिमोटवर बटण मागं दाबून ते वाक्य पुन्हा ऐकलं, मग पुन्हा. श्रुती कॉलेजातून आली तेव्हा तिलाही ऐकवलं. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि म्हणाली, "पप्पा, अजून एकदा." दोघं बापलेक संध्याकाळपर्यंत ते ऐकत होते. आणि त्याच पाकिटात, त्याच पुस्तकात, हे होतं. ज्या खोक्यातून तिचा आवाज आला त्याच खोक्यातून हे आलं. एक घ्यायचं आणि दुसरं परत करायचं, अशी काही सोय नव्हती.

"पन अठरा नंबरचं पान वाचलंस का?" गुंडूनं विचारलं.

अठरा नंबरवर कंपनीचं पत्र होतं, टाइप केलेलं. प्रसेनजीतनं ते वाचलं नव्हतं. खिशातला चष्मा शोधू लागला तर तो नाकावरच होता. पत्र लहान होतं. आपला आवाज व शब्द आम्हाला पसंत आहेत. वादक आमचे असतील. आपण एकट्यानेच यावे.

"एकट्यानंच यावे," गुंडू म्हणाला. "आमी न्हवतो त्यात."

"न्हवता."

"आनि तू गेला असतास."

रस्त्यावरून एक टेम्पो हॉर्न वाजवत गेला. प्रसेनजीतला खोटं बोलता आलं असतं. पण आजच्या दिवशी आणखी एक खोटं त्याला नको होतं. "गेलो असतो," तो म्हणाला.

गुंडूनं मान हलवली. कांडी परत हातात घेतली, ती गार झाली होती, पुन्हा खाली ठेवली. "मग वहिनीनं माझी तरी लाज राखली म्हनायची," तो म्हणाला आणि हसला, पण नेहमीसारखं पोट हललं नाही. "चहा सांगू?"

"नको."

घरापर्यंत तो चालतच गेला. चालताना मनात तो तिच्याशी भांडत होता आणि प्रत्येक वेळी हरत होता, कारण ती काही बोलत नव्हती. त्यानं तिच्या बाजूनंही बोलून बघितलं. शहाण्णव साली फौंड्रीत कायम होण्याची त्याची पाळी आली होती. सहा महिने गैरहजर राहिला असता तर ते गेलं असतं. श्रुती पाच वर्षांची होती. हे सगळं खरं होतं, पण ह्यासाठी माणूस तोंडावर भांडतं, चोरून पत्र लिहीत नाही. मग त्याला पत्रातली ती ओळ आठवली. माझी मुलगी पाच वर्षांची आहे. बाप म्हणजे वर्षातून दोनदा येणारा पाहुणा, असं तिला वाटू नये. चष्मेवाल्याच्या दुकानात तो ह्या ओळीवरून तसाच पुढं गेला होता. आता रस्त्याच्या कडेला उभा राहिला. अक्षताचा बाप मुंबईला गिरणीत होता. चंदगडचा अर्धा तालुका तसाच होता, पुरुष तिकडं आणि बायकापोरं इकडं. बाप जयंतीला यायचा आणि मे महिन्यात यायचा. गिरण्यांच्या संपानंतर तो आला नाही. मेला म्हणावं तर निरोप नाही, आणि आहे म्हणावं तर पत्र नाही. लग्नानंतर एकदा बोलता बोलता ती म्हणाली होती, "मी बापाला पावणा समजायची. आला की मी आईच्या मागं लपायची." तो त्यावर हसला होता. तेव्हा त्याला ते गमतीचं वाटलं होतं. म्हणजे बावीस ओळींच्या त्या पत्रात त्याच्या तोंडून ती स्वतःचंच सांगत बसली होती. मुंबईच्या कंपनीला, ज्यांना तिचं नावही ठाऊक नव्हतं. आणि त्याला, जो रोज समोर बसून जेवत होता, त्याला नाही. त्याला दया आली. पण दयेनं राग गेला नाही, दोन्ही शेजारी शेजारी बसली, एसटीत माणसं बसतात तशी, एकमेकाकडं न बघता. सांगितलं असतंस तर, तो मनात म्हणाला. आणि तिचं उत्तर त्याला ठाऊक होतं. सांगितलं असतं तर तो भांडला असता, आणि भांडून गेला असता. परत आला असता का, हे त्याला अजूनही नक्की सांगता येत नव्हतं, आणि तिला तर त्या वेळीही सांगता येत नसणार.

घरात श्रुती भाजी निवडत बसली होती. बारावीला होती. आईसारखीच हनुवटी, आणि आईसारखंच समोरच्याचं वाक्य संपायच्या आधी मान हलवायची सवय. तिच्यासमोर परातीशेजारी एकोणिसाव्या पानाची झेरॉक्स होती.

"स्नेहलताईंचा फोन आलता," ती म्हणाली. "रविवारच्या सीडीच्या कार्यक्रमात तुम्ही गायचं नसलं तरी चालंल म्हणाल्या. पण हे पत्र तुम्हीच वाचायचं. लोकांना सगळ्यात जास्त हेच आवडलंय. एकजणानं लिहिलंय, आठ गाण्यांपेक्षा हे पत्र मोठं आहे."

"आसंल."

"मी कॉलेजात मैत्रिणींना दाखवलं. म्हटलं, बघा, आमच्या पप्पांनी माझ्यासाठी मुंबई सोडली. एकजण तर रडलीच." तिनं मान वर केली. "तुम्ही कधी बोलला न्हाईत पप्पा. एवढी वर्षं."

तो पायरीवर बसला आणि चपला काढू लागला. आता नुसतं 'व्हय' म्हणायचं होतं. काही करायचं नव्हतं, काही बोलायचं नव्हतं, सही त्याची होतीच. अक्षर आईचं आहे हे पोरीला दिसत होतं, पण त्यात तिला काही वावगं वाटलं नव्हतं. ह्या घरात पप्पा सांगतात आणि आई लिहिते हे तिनं जन्मापासून बघितलं होतं. त्या दुपारी कुणी काही सांगितलं नव्हतं हे त्याच्याशिवाय गुंडूला तेवढं ठाऊक होतं, आणि गुंडू कुणाला बोलणार नव्हता. तो गप्प बसला तर ते त्याच्याबरोबर जळून जाईल. पोरीला बाप मिळेल, असा जो तिच्यासाठी थांबला. आणि आईही तशीच राहील. किती सोपं आहे, त्याला वाटलं. आणि मग त्याला वाटलं, तिलाही असंच सोपं वाटलं असणार. कणीक मळत, वेण्या घालत.

"मी सांगितलं न्हवतं ते," तो म्हणाला.

"काय?"

"पत्र. तुझ्या आईनं आपल्या मनानं लिवलं. कंपनीचं बोलावनं आलेलं मला तिनं सांगितलंच न्हाय. मी आठ-नऊ म्हयने वाट बघत हुतो."

श्रुतीच्या हातात मेथीची काडी होती. ती तिनं परातीत ठेवली, मग उचलली, आणि पानं तोडली. त्याला वाटलं आता रडेल. तिनं विचारलं, "म्हणजे तुम्ही गेला असता?"

"गेलो असतो."

"मी पाच वर्षांची होते."

"व्हय."

"मग आईनं बरं केलं," ती म्हणाली.

तिनं ते आवाज न चढवता म्हटलं, भाजीत मीठ जास्त झालं म्हणावं तसं. प्रसेनजीत तिच्याकडं बघत राहिला. त्याला वाटलं होतं, निदान ही तरी म्हणेल की पप्पा, तुमच्यावर अन्याय झाला. घरात दोनच माणसं उरली होती आणि त्यातलं एक उठून पलीकडं जाऊन बसलं.

"मला सांगाय पायजे हुतं तिनं."

"सांगितलं असतं तर तुम्ही गेला असता. आत्ताच म्हणाला."

रस्त्यानं येताना तो हेच स्वतःशी बोलून आला होता. पण ते पोरीच्या तोंडून ऐकणं वेगळं होतं.

"मी न्हाय वाचनार रविवारी," तो म्हणाला. "माझं न्हाय ते."

"नका वाचू. मी वाचते."

"तू?"

"आईचं आहे की. मग आईचं म्हणूनच वाचते. आधी सांगते, हे माझ्या आईनं लिहिलंय, पप्पांना न विचारता. मग वाचते. तुम्ही यायचं तर या, न्हायतर नका येऊ." तिनं परात बाजूला सरकवली. "आठ गाण्यांपेक्षा मोठं आहे म्हणतात. मग ते कुणाचं हे कळू दे की लोकांना."

तिनं हात फडक्याला पुसले, झेरॉक्स उचलली आणि सवय व्हावी म्हणून तिथंच मोठ्यानं वाचायला लागली. वाचायची पद्धत आईची, बालवाडीतलीच, प्रत्येक शब्द वेगळा. आपलं कृपापत्र मिळालं. आपण माझ्या गाण्यांना मान दिलात. माझी मुलगी पाच वर्षांची आहे. बाप म्हणजे वर्षातून दोनदा येणारा पाहुणा, असं तिला वाटू नये. इथं ती जरा थांबली, नाक ओढलं आणि पुढं वाचू लागली. जे माझ्याजवळ होतं ते त्या आठ गाण्यांत ओतून झालं. आता सांगण्यासारखं काही उरलं नाही.

"थांब," प्रसेनजीत म्हणाला.

दुकानात वाचताना डोळ्यांना जे कळलं नव्हतं ते आता कानाला कळलं. हे वाक्य त्याचं होतं. कॅसेट निघाल्यावर इचलकरंजीला केलेल्या कार्यक्रमाला चौदा माणसं आली होती, त्यातली पाच मांडववाल्याची. दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी तो जेवायला बसला होता, घास तोंडात होता, आणि तो म्हणाला होता, "व्हतं ते वतून झालं. आता सांगन्यासारखं काय उरलं न्हाय." थकून म्हणाला होता. जेवून झोप झाली की उठून नवं गाणं म्हणायला लागला असता. लागलाही होता. पण ती समोर बसली होती, आणि तिला सवय होती, तो जेवताना बोलायचा ते लिहून घ्यायची.

"काय झालं पप्पा?"

"ही आत्ता वाचलीस ती वळ माझी हाय. ती मी बोललो हुतो."

श्रुतीनं कागदाकडं बघितलं, मग त्याच्याकडं. "मग ती तुम्ही वाचा. मी तिथं थांबते."

"न्हाय. ती खरी न्हवती." त्यानं चष्मा काढला आणि परातीशेजारी ठेवला. "ती गाळून वाच."

तिनं उशाकडच्या दप्तरातून पेन्सिल आणली, त्या ओळीवरून एक सरळ रेघ मारली, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. तो पायरीवर बसून ऐकत राहिला. आपली ओळ जिथं होती तिथं काहीतरी अडेल, मधे खड्डा पडेल असं त्याला वाटत होतं. पण पोरगी न थांबता पुढं गेली. पत्राला काही झालं नाही. ते पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट लागलं, आणि आता ते सगळंच अक्षताचं होतं.